एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स

‘विंडोज १०’साठीचे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. चालता संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर विंडोजच्या जोडीला उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली बसविता येते. जुन्या सॉफ्टवेअरपुरते विंडोज ठेवावे आणि इंटरनेटसाठी उबुंटू वापरावे, हे उत्तम. संगणक सुरू होताना ‘ग्रब’ हा छोटा प्रोग्रॅम दोहोंपैकी कोणती प्रणाली हवी, ते विचारतो.

धोका आहे तो हार्ड डिस्कच्या विभागणीत. तेथे चूक झाल्यास अनेक वर्षांची छायाचित्रे व हिशेब पुसले जातात. म्हणून सर्व फायलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सल्ला कंटाळवाणा असला तरी टाळू नये. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून किमान २५ जीबी जागा मोकळी करावी, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे आणि पेन ड्राइव्हवरून उबुंटू बसवावे. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय मात्र निवडू नये.

पुढे विंडोजमधील घड्याळ साडेपाच तास मागे दिसल्यास घाबरू नये. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ नोंदविते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते.