गिटारवरचा त्रिशंकू

गिटार शिकणारा माझा एक विद्यार्थी परवा म्हणाला, "सर, करंगळी एक पडदा पुढं टेकवली की सूर अडल्यासारखा वाटतो, उचलली की हायसं वाटतं. असं का?" प्रश्न साधा, पण उत्तरासाठी काही शतकं मागं जावं लागतं.

आधी स्वर पाहू. सा, ग आणि प एकदम वाजवले की पाश्चात्त्य संगीतातली एक कॉर्ड, म्हणजे स्वरांची जुडी, तयार होते. ग काढून त्या जागी म घेतला, की ती झाली 'सस्पेंडेड', म्हणजे अधांतरी राहिलेली. आपला त्रिशंकूच म्हणा ना! 'डी' कॉर्डमध्ये सर्वांत बारीक तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ग असतो, तिसऱ्यावर म. तीच तार मोकळी सोडली तर रे वाजतो. तीही कॉर्ड अधांतरीच.

हे नाव आलं युरोपातल्या समूहगायनातून. सोळाव्या शतकात चर्चमध्ये अनेक आवाज एकत्र गात. बाकीचे पुढच्या स्वरावर गेले, तरी एखादा आवाज मागचाच स्वर धरून ठेवी. क्षणभर खटका उडे. मग तो आवाज एक पायरी खाली येई आणि मेळ बसे. १७२५ साली व्हिएन्नामध्ये योहान योझेफ फुक्स यानं ही शिस्त लॅटिन ग्रंथात गुरुशिष्यांच्या संवादातून मांडली: स्वर आधी मेळात असावा, मग धरून ठेवावा, मग उतरवावा. थोर संगीतकार हायडन हाच ग्रंथ घेऊन स्वतः शिकला.

पुढं बंधन सैल झालं. १९६५ साली अमेरिकेच्या हर्बी हॅन्कॉकनं 'मेडन व्हॉयेज' ही रचना अशाच अधांतरी कॉर्डवर उभारली. विश्वामित्रानं त्रिशंकूला तिथंच स्वर्ग करून दिला, तसंच हे!

मी विद्यार्थ्याला म्हटलं, "आधी 'जी' कॉर्ड वाजव, करंगळी बारीक तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवून. ती न हलवता बाकीची बोटं 'डी'वर ने. थांब, ऐक. मग करंगळी उचल." फुक्सचे तिन्ही नियम त्यात आले.

शिक्षकबंधूंनो, बोटांच्या जागा तक्त्यावरून पाठ होतात. पण पुढचा ग वाजण्याआधी कानात यावा, हे तक्ता शिकवीत नाही. त्यासाठी मुलाजवळ बसावं लागतं, आणि त्याच्याबरोबर थांबावं लागतं.