शालेय वयातील मातृत्व (महाराष्ट्र)

माध्यमिक शाळेच्या वयात, साधारण तेरा ते अठरा वर्षांच्या दरम्यान मुलींना येणारे गरोदरपण. महाराष्ट्रात ते बहुधा लग्नानंतरच येते. मुलगी आधी शाळेतून निघते, मग बोहल्यावर चढते आणि वर्ष-दीड वर्षात बाळंत होते. त्यामुळे शाळेच्या दप्तरी ती ‘गळती’त मोडते, गरोदर विद्यार्थिनी म्हणून तिची नोंद सहसा होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. देशाचे प्रमाण ६.८ टक्के होते. राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. परभणी व बीड जिल्ह्यांत हा आकडा चाळिशीपार जातो.

बीडमध्ये याची मुळे ऊसतोडीत आहेत. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यामागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झाले की नवा कोयता तयार. दिवाळीच्या सुमारास आईबाप उसाच्या फडावर निघतात, तेव्हा नववी-दहावीतल्या लेकीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा प्रश्न उरतोच. गावची जिल्हा परिषद शाळा अनेकदा सातवीलाच संपते. पुढे एसटीचा पास मोफत असला, तरी शाळेच्या वेळेला गाडी हवी. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्कही चौदाव्या वर्षी थांबतो. ‘लोकांची मानसिकता’ हे नेहमीचे उत्तर या हिशेबापुढे अपुरे पडते.

या वयात मुलीची स्वतःची वाढ चालू असते, त्यातच रक्तक्षय. गरोदरपणातले झटके, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे मूल यांचा धोका विशीतल्या आईपेक्षा जास्त असतो.

कायद्याने बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर) आहे. म्हणजे ज्यांच्यात रोज वावरायचे, त्यांच्याचविरुद्ध तक्रार करायची. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) अठराखालील गर्भवतीची माहिती डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर नवराही बलात्काराच्या आरोपातून सुटत नाही. परिणामी केसपेपरवर वय एकोणीस सांगितले जाते, किंवा नाव नोंदवायलाच उशीर होतो आणि जोखमीची गर्भवती म्हणून जिच्याकडे लक्ष द्यायचे तीच नजरेआड राहते. गर्भपात हवा असेल, तर संमतीपत्रावर पालकाची सही लागते. मुलीने व पालकांनी विनंती केल्यास अशा वेळी डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव कळवण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केले.

बाळंतपणानंतर शाळेत परतणाऱ्या मुली विरळाच. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते, पण त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो माहेरच्या शाळेतून आणायचा, आणि परीक्षेच्या काही महिने आधीच, मूल अंगावर पिते असताना.