साष्टीची उपनगरे आणि दुरुस्तीचे दप्तर
डॉ. केतकरांनी भागभांडवल उभारून १९२० पासून पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध केले. परंतु १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाला ना वेतनी कारकून लाभले, ना प्रधान संपादक. तिथे दुरुस्ती कशी होते, याचे एक उदाहरण घ्या: साष्टी बेटावरील उपनगरांपैकी अंधेरी व घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाली. हा तपशील विकिपीडियावर कोणी अनवधानाने एकाच सालाखाली मांडला, तर दुसरा स्वयंसेवक साल दुरुस्त करून संदर्भ जोडतो, आणि ‘इतिहास पहा’ या सदरात जुना मजकूर, नवा मजकूर, तारीख, वेळ व सदस्यनाव यांचा दाखला कायम राहतो. छापील कोशातील खोडलेला शब्द वाचकास कधीच दिसत नसे. म्हणून ही उघडी दुरुस्ती मला विद्वत्तेइतकीच मोलाची वाटते. मतभेद उरलाच, तर चर्चापानावर खल होतो.