गंगाराम तांबटाचे वेरूळ

शिल्पाची प्रतिकृती कागदावर उतरविणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो मापाचा. तंजावर जिल्ह्यात पापनाशमजवळ, पुळ्ळमंगै येथील चोळकालीन मंदिराच्या जोत्यावर रामायणातील प्रसंग वीतभर चौकटींत कोरलेले आहेत. तेथे चित्रकाराला डोळा दगडाला भिडवावा लागतो. वेरूळच्या कैलास लेण्यात याउलट डोंगरच कागदात सामावून घ्यावयाचा असतो. दोन्हीकडे शिल्पाची खोली मात्र हरवते आणि ती छायेने परत मिळवावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळचे हे काम पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने केले.

पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला लेण्यांविषयी मोठे कुतूहल होते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढे पुण्यात राहिला. त्याच्या चित्रशाळेसाठी सवाई माधवरावांनी शनिवारवाड्यात जागा दिली. यथार्थदर्शनाची पाश्चात्त्य रीत गंगारामाने येथे आत्मसात केली. परंतु त्याचा हात वेल्सने घडविला, असे म्हणता येत नाही. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा त्याने १७९० मध्येच रंगविला होता. मॅलेटने १७९४ मध्ये वेरूळविषयी जो लेख लिहिला, त्याला आधार गंगारामाच्या चित्रांचा होता.

ही चित्रे म्हणजे निव्वळ नक्कल नव्हे. जलरंगाचा पातळ थर कोठे थांबवावा आणि कोठे दाट करावा, हे ठरविताना चित्रकार मूर्तीचा अर्थच लावीत असतो. झिजलेला अवयव झिजलेलाच दाखवावा की मनाने पुरा करावा, हा निर्णयही त्याचाच. म्हणून अशी प्रत शिल्पाची साक्ष असते, तशी पाहणाऱ्याच्या दृष्टीचीही असते. पुढे शंभर वर्षांनी, १८९३ पासून, हॉवर्ड कार्टर इजिप्तमधील देर अल-बहरी येथे हत्शेप्सूट राणीच्या मंदिरातील उठावशिल्पे जलरंगात उतरवू लागला, तेव्हा त्याच्यापुढेही हेच प्रश्न होते.

वेल्स १७९५ मध्ये वारला. १८०३ मध्ये टॉमस डॅनियलने वेरूळची चोवीस दृश्ये लंडनला प्रसिद्ध केली, ती वेल्सच्या नावाने. गंगारामाचे कागद मॅलेटबरोबर इंग्लंडला गेले आणि आज ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. दूर गेल्याने ते टिकले असे म्हणावे, तर रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत लंडनमध्येच जळाल्या.

महाराष्ट्राच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास बहुधा मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेपासून सांगितला जातो. त्याआधी सहा दशके एक मराठी कारागीर वेरूळच्या लेण्यांत कागद घेऊन बसला होता. दरबारी छत्राखाली देशी रेषा आणि परकी छाया यांचा मेळ त्याने आपल्या हाताने घातला. तो ध्यानात घेतला, तर या इतिहासाचा आरंभ शाळेच्या वर्गात नव्हे, लेण्याच्या अंधारात शोधावा लागतो.