कोयता

मोखाडा-जव्हारकडे बांबूकाम म्हटलं की हत्यार एकच, कोयता. बांबूच्या टोकावर पातं टेकवायचं, वरून टोला द्यायचा आणि चीर सरळ खाली न्यायची. गाठ आली की हात जरा जड करायचा, एवढंच. मग आतला मऊ गर तासून काढायचा. पाठीकडची चिवट कांब उरते, तिचीच सुपं, टोपल्या आणि कणग्या होतात.

शब्द मात्र दक्षिणेकडचा. कन्नड आणि तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे कापणे, तेलुगूत ‘कोयु’; मल्याळममध्ये पिकाच्या कापणीला आजही ‘कोय्त्तु’ म्हणतात. म्हणजे नावातच कापणं आलं, लढणं नाही. मराठीने त्याला पुढे कुठे कुठे नेलं! ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. माणसाला हत्याराने मोजणारा हा हिशेब मला कायम खटकतो. शहरी बातम्यांत तर या शब्दापुढे हल्ली ‘गँग’च लागते.

जपानमध्ये प्रवास उलटा झाला. 1876 साली तिथे बहुतेकांना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी आली आणि पुष्कळ तलवार-लोहार सुऱ्या, अवजारं घडवू लागले. बांबू फोडायच्या कोयत्याला तिकडे ‘ताकेवारी-नाता’ म्हणतात: ‘ताके’ म्हणजे बांबू, ‘वारी’ फोडणं.

आपल्याकडे बांबूकामात अडचण कोयत्याची नव्हती. अडत होता तो बांबू. वनकायद्यात तो ‘झाड’ गणला जाई, म्हणून तोडायला-न्यायला परवानगी लागे. 2017 साली तो त्या व्याख्येतून वगळला गेला.