श्वासाचा साक्षीदार

मराठीत ‘दम’ हा शब्द आपण किती परींनी वापरतो! जिना चढलो की दम लागतो, घाई करणाऱ्याला आपण दम धरायला सांगतो, पोरगं ऐकेनासं झालं की त्याला दम भरतो. शब्द फारसीतून आलेला, मूळ अर्थ श्वास. पण गंमत अशी, की ज्या प्राणवायूसाठी हा सगळा दम, तो कमी पडू लागला तर आपल्या मनाला त्याची खबर लागेलच असं नाही.

श्वास रोखून धरला की जीव घुसमटतो. ही घुसमट प्रामुख्याने प्राणवायू संपल्याची नसते, शरीरात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली या ब्रिटिश संशोधकांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं, की एरवी आपल्या श्वासाची लय हाच वायू ठरवतो. म्हणजे घरात चोर शिरला तर कुत्रं भुंकतं. पण तिजोरी रिकामी झाली म्हणून ते भुंकत नाही.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा बलून तीन माणसांना घेऊन आकाशात चढला. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या. बलून आठ हजार मीटरच्या वर गेला. नळी हाताशी होती, पण ती तोंडाला लावायची वेळ आली तेव्हा हातात बळ उरलं नव्हतं. तिघांपैकी दोघे गेले. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी पुढे लिहिलं, त्यात वेदनेचा उल्लेख नाही. उलट मनाला एक विलक्षण आनंद वाटत होता, असं ते सांगतात. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळात आपल्या डॉक्टरांनीही हेच पाहिलं. रुग्ण खाटेवर बसून फोनवर बोलतो आहे आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा मात्र घसरलेला.

आता हा प्रश्न पाण्याखाली नेऊ. पाणबुड्या सिलिंडरमधून श्वास घेतो आणि उच्छ्वास पाण्यात सोडून देतो, ते बुडबुडे आपण चित्रपटांत पाहिलेले असतात. पण आपल्या उच्छ्वासात न वापरलेला प्राणवायू बराच शिल्लक असतो. तो वाया का घालवायचा? उच्छ्वास एका पिशवीत घ्यावा, त्यातला कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषावा, खर्च झाला तेवढाच प्राणवायू नव्याने घालावा आणि तीच हवा पुन्हा श्वासात घ्यावी. या यंत्राला रीब्रीदर म्हणतात.

हेन्री फ्लूस या इंग्रज माणसाने १८७८ मध्ये असं वापरण्याजोगं यंत्र तयार केलं. रबराची पिशवी, प्राणवायूची टाकी आणि कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोरखंडाचा काथ्या, एवढाच त्याचा संसार. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात १८७९ मध्ये पाणी घुसलं होतं. आतला एक लोखंडी दरवाजा बंद करायचा होता, पण तो सुमारे हजार फूट आत. हवेची लांबलचक नळी ओढत तिथवर जाणं जमेना. नोव्हेंबर १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या फ्लूसचं यंत्र पाठीवर घेऊन मिट्ट काळोखात गेला आणि दरवाजा बंद करून आला.

या पराक्रमात एक धोका दडलेला होता. रीब्रीदर कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंडच बांधतो. पिशवीतला प्राणवायू संपत आला तरी माणूस शांतपणे श्वास घेत राहतो आणि शांतपणेच शुद्ध हरपतो. दुसरीकडे, प्राणवायू जास्त झाला तरी तो विष होतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात हे मांडलं तेही १८७८ मध्येच. दाबाखालच्या प्राणवायूने त्याच्या प्रयोगांतल्या प्राण्यांना झटके आले होते.

मग किती चालतो आणि किती नाही? हे मोजायला उपकरण नव्हतं, तेव्हा माणसांनी आपलंच शरीर उपकरण म्हणून वापरलं. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ माणसं दगावली. कामगार संघटनांनी त्याचा शोध घ्यायला जे. बी. एस. हॉल्डेन यांना बोलावलं. हे वर सांगितलेल्या हॉल्डेन यांचेच चिरंजीव. पुढे ते आणि त्यांचे सहकारी लोखंडी दाबकक्षात बसून प्राणवायू ओढत राहिले. अशाच एका प्रयोगात झटका येऊन हॉल्डेन यांच्या पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

युद्धकाळात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांवर केलेल्या चाचण्यांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. एकाच माणसाला आज सोसलेला प्राणवायू उद्या सोसेलच असं नाही. शरीराची साक्ष रोज बदलत होती. बाहेरचा साक्षीदार हवा होता.

१९४० मध्ये अमेरिकी नौदलाला पाणबुडीतला प्राणवायू मोजायचा होता, म्हणून लायनस पॉलिंग यांनी एक मापक बनवला. प्राणवायू चुंबकाकडे ओढला जातो, या गुणाचा त्यात उपयोग होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पेट्यांतही पुढे हा मापक वापरला गेला. १९५६ मध्ये लेलँड क्लार्क यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याआडचा विद्युत-सेन्सर प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांच्या ‘इलेक्ट्रोलंग’ या रीब्रीदरमध्ये प्राणवायूवर नजर ठेवायचं काम विजेच्या यंत्रणेकडे गेलं.

आजच्या रीब्रीदरमधला सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरीच. आत शिसं आणि क्षाराचं द्रावण. पडद्यातून जितका प्राणवायू आत येतो, तितकी वीज तयार होते. पण त्या कामात शिसं झिजतं. साक्षीदार म्हातारा होतो.

माझा भाचा परदेशात पाणबुड्यांना शिकवतो. मागे सुट्टीवर कोकणात घरी आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने असे तीन सेन्सर मांडले. आधी हात साबणाने धुतले. प्राणवायूजवळ तेलाचा किंवा ग्रीसचा अंशही आग लावू शकतो. मग मिलिव्होल्टमीटर जोडला. मोकळ्या हवेत तिघांचाही आकडा १० च्या आसपास. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के, तेव्हा शुद्ध प्राणवायूत तो आकडा सुमारे ४८ व्हायला हवा. झाला. (हेच पुण्यात केलं तर उंचीमुळे हवेचा दाब कमी, म्हणून १० ऐवजी साधारण ९.४ येईल आणि त्यात सेन्सरचा दोष नसेल.)

मला वाटलं, परीक्षा संपली. भाचा म्हणाला, “मामू, इथं सगळेच खरं बोलतात. दाब वाढला की कळतं.”

त्याच्याकडे सेन्सर तपासायचं एक जाड, दाबमापक लावलेलं भांडं होतं. त्यात प्राणवायूचा दाब वातावरणाच्या १.६ पट केला. आकडा ७६ च्या पुढे जायला हवा. दोन गेले. तिसरा ६० वरच थबकला. खोल पाण्यात हा सेन्सर सांगत राहिला असता, की प्राणवायूचा दाब सव्वाच आहे. त्याच्यावर विसंबून यंत्राने आणखी प्राणवायू सोडला असता, आणि १.६ ची हद्द ओलांडली की पाण्यात झटका येण्याची भीती. भाच्याने त्याची तार कापली आणि तो बाजूला ठेवला.

सेन्सर तीन असतात ते बहुमतासाठी. दोघांचं जुळलं की तिसरा खोटा ठरतो. पण तिन्ही एकाच दिवशी विकत घेतले तर तिन्ही एकत्रच म्हातारे होतात. मग दोन खोटे मिळून एका खऱ्याला खोटं पाडतात. म्हणून जाणकार पाणबुडे ते वेगवेगळ्या वेळी बदलतात आणि प्रत्येकावर तारीख लिहून ठेवतात. बहुमत हे सत्य असतंच असं नाही, हे आम्हा कवींना ऐकून माहीत. त्यांना ते खोल पाण्यात जपावं लागतं.

कोरोनाकाळातला ऑक्सिमीटर आजही अनेक घरांत औषधांच्या डब्यात पडून आहे. बोट गार असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर तोही चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो काही वेळा प्राणवायू आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, याकडे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०२० मध्ये पुन्हा लक्ष वेधलं. म्हणून तो फेकून द्यायचा नाही. रुग्णाचा चेहरा, ओठांचा रंग, बोलताना लागणारा दम हेही पाहायचं आणि शंका आली तर आकडा चांगला दिसला तरी डॉक्टरांना गाठायचं. साक्षीदार हवाच, पण त्याला अधूनमधून उलटतपासणीलाही उभं करायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)