अभ्यागतांचे दफ्तर

आपल्या संकेतस्थळावर कोण येते, किती येतात आणि काय वाचून परत जातात हे जाणू इच्छिणाऱ्या माणसापुढे आज गणतीच्या साधनांची एवढी रास पडलेली असते, की त्यांतले कोणते पत्करावे या विवंचनेत तो बहुधा फुकट काय आणि दिसायला सुबक काय एवढेच पाहून निकाल देतो. परंतु या साधनांचा जेमतेम तीस वर्षांचा इतिहास ज्याने लक्षपूर्वक पाहिला आहे, त्याला खरा प्रश्न निराळाच दिसतो, आणि तो म्हणजे नोंद कोण करतो व दफ्तर कोणाच्या घरी राहते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेली कल्पना १९९० च्या अखेरीस पहिल्या संकेतस्थळाच्या रूपाने साकार झाली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती विद्या सर्वांना मुक्त केली, तेव्हा गणतीसाठी वेगळे साधन कोणी मागितले नाही, कारण सर्व्हर स्वतःच आपली रोजकीर्द लिहीत होता. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, कोणत्या दिवशी व कोणत्या क्षणी आली, कोणत्या पानाची होती, ती पुरी झाली की नाही आणि किती बाइट रवाना झाले, एवढा तपशील एका ओळीत बसे. पान मिळाले तर २०० हा आकडा पडे, न सापडले तर ४०४. एखाद्या नाक्यावरच्या कारकुनाने येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद करावी, पण आत बसलेल्या माणसांची डोकी मोजू नयेत, असा तो शिरस्ता होता.

आणि तेथेच घोटाळ्याचे मूळ होते. एका पानावर दहा चित्रे असली की एकच वाचक रोजकीर्दीत अकरा ओळी उमटवी, आणि या ओळींनाच ‘हिट’ म्हणून मिरवण्याची प्रथा पडली. उलट, एका मध्यस्थ सर्व्हरामागे बसलेली शेकडो माणसे एकाच पत्त्याची दिसत. त्या मध्यस्थाने पानाची प्रत जवळ राखली असेल तर पुढच्या वाचकांची वर्दी मूळ सर्व्हराला लागतच नसे. शोधयंत्रांचे निर्जीव दूत मात्र खऱ्या वाचकांच्या रांगेत बेमालूम मोजले जात. म्हणजे एकच वही एकीकडे फुगलेली आणि दुसरीकडे आटलेली.

केंब्रिज विद्यापीठाच्या सांख्यिकी प्रयोगशाळेतील स्टीफन टर्नर यांनी १९९५ मध्ये ‘ॲनालॉग’ नावाचे साधन विनामूल्य प्रसिद्ध केले. ते फार शीघ्र चाले आणि जगभर वापरले गेले. परंतु मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो आणखी एका गोष्टीसाठी. रोजकीर्दीवरून वाचक कोण होते, एकंदर किती होते आणि ते कोणत्या वाटेने फिरले हे निश्चित सांगता येत नाही, असे त्यांनी साधनासोबतच्या माहितीत सविस्तर विवेचन करून सांगितले. ग्राहकाला हवा तो आकडा देऊ करणाऱ्या बाजारात, आपल्या मापाची मर्यादा स्वतः सांगणारा मापारी विरळाच.

व्यापाऱ्यांना मात्र डोकी हवी होती. नेटस्केप या कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये घडविलेली ‘कुकी’ ही चिठ्ठी वाचकाच्या यंत्रात ठेवली की तोच वाचक पुन्हा आल्याचे ओळखू येई; आणि पानातच जावास्क्रिप्टच्या चार ओळी पेरल्या की पान उघडताच परभारे दुसऱ्याच कोणाच्या तरी यंत्राकडे वर्दी जाई. या रीतीत राखीव प्रतींचे वाचक मोजले जात आणि बहुतेक यंत्रदूत गळून पडत, हा तिचा गुण नाकारता येणार नाही. परंतु त्याच क्षणी वही मालकाच्या घरातून उठून परक्याच्या कचेरीत गेली.

सॅन डिएगोच्या अर्चिन या कंपनीचे गणनयंत्र गूगलने २००५ च्या वसंतात विकत घेतले आणि नोव्हेंबरात ‘गूगल ॲनालिटिक्स’ या नावाने फुकट खुले केले, तेव्हा अशी झुंबड उडाली की थोड्याच दिवसांत नवी नोंदणी थांबवावी लागली; ती सर्वांना पुन्हा खुली झाली ऑगस्ट २००६ मध्ये. गढी ढासळली तरी गावाच्या नावात तिच्या धन्याचे नाव राहावे, तसे अर्चिनचे इंग्रजी आद्याक्षर ‘यू’ आजही असंख्य दुव्यांच्या शेपटीला ‘यूटीएम’ या तीन अक्षरांत टिकून आहे.

वही घरी ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी माथ्यू ओब्री यांनी २००७ मध्ये आरंभलेले ‘पिविक’, म्हणजे २०१८ पासूनचे ‘मॅटोमो’, हे साधन आपल्याच सर्व्हरावर चालते. २०२२ च्या आरंभी ऑस्ट्रिया व फ्रान्स येथील नियामकांनी गूगलच्या साधनातून अमेरिकेत जाणारी माहिती कायद्याविरुद्ध ठरविली, तेव्हा अनेकांचे लक्ष अशा साधनांकडे वळले. जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाच्या नव्या निर्णयाने तो अडसर सैल झाला.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला गूगलने आपल्या जुन्या पद्धतीची सर्वसाधारण गणती बंद केली आणि वर्षभराने, जुलै २०२४ मध्ये, तिच्यात साठलेल्या नोंदी पाहण्याची वाटही मिटविली. ज्यांनी मुदतीत नक्कल काढून घेतली नव्हती, त्यांचे दहा-दहा वर्षांचे हिशेब त्यांच्या हातून गेले. १९९५ ची एखादी रोजकीर्द मात्र कोणी आपल्या तबकडीवर जपून ठेवली असेल, तर ती साध्या अक्षरांत लिहिलेली असल्यामुळे कोणाच्याही परवानगीवाचून आजही ओळीने वाचता येते.